गिरणगावातला नेटकेपणा

मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या माणसांनी तुटपुंज्या पगारात नीटनेटके राहण्याची एक रीत उभी केली. ताडदेवला कावसजी नानाभाई दावर यांची गिरणी १८५६ साली सुरू झाली, तेव्हापासून १९८२ च्या संपापर्यंत, म्हणजे सुमारे सव्वाशे वर्षे, ही रीत घडत आणि बदलत गेली. कापड कुठून घ्यायचे, कोणाकडून शिवायचे, कसे धुवायचे, विटले की त्याचे काय करायचे, याच्या ठरलेल्या वाटा होत्या. उधारीची एक व्यवस्था होती. नवे कापड अंगाला लागण्याचे दिवस पंचांगाने आणि पगाराने मिळून ठरवलेले होते. आणि या सगळ्याच्या मुळाशी, चांगले नेसण्याचा हक्क आपल्यालाही आहे, हा न बोलता केलेला दावा होता. भायखळ्यापासून दादरपर्यंत आणि वरळीपासून शिवडीपर्यंतच्या गिरणगावात लाखो माणसे दिवसभर कापड विणत आणि तेच कापड विकत घेताना पै-पैचा हिशेब करत.

गिरण्यांत आलेला माणूस मुख्यतः रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे आणि अहमदनगर या भागांतला. गावी असताना कुणब्याच्या अंगावर लंगोटी किंवा गुडघ्यापर्यंतचा पंचा, खांद्यावर घोंगडी आणि डोक्याला मुंडासे एवढाच पोशाख असे. सदरा हा सणाचा. मुंबईत आल्यावर पोशाखाची दोन भागांत वाटणी झाली. खात्यात वाफेचा दमटपणा, यंत्रांची उष्णता आणि हवेत उडणारे कापसाचे तंतू. तिथे अंगावर शक्य तितके कमी कपडे. रस्त्यावर मात्र धोतर, सदरा, वर जमल्यास कोट आणि डोक्याला काहीतरी हवेच. उघड्या डोक्याने बाहेर पडणे त्या काळी अशुभ आणि असभ्य मानले जाई. शहरात आलेल्या माणसाला पहिली खरेदी करावी लागे ती या रस्त्यावरच्या कपड्यांची. ओळखीच्या मुकादमाकडे कामासाठी उभे राहायचे तरी ते लागत.

पण चांगले कपडे घालायला दिवसही हवा. सुरुवातीच्या गिरण्या सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चालत आणि आठवड्याच्या सुटीचा नियम नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी करून रविवारच्या सुटीची मागणी लावून धरली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला झालेल्या कामगारांच्या मोठ्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी मालकांच्या संघटनेने रविवारची सुटी मान्य केली. पोशाखाच्या इतिहासात या तारखेची नोंद सहसा होत नाही, पण ती व्हायला हवी. धुतलेला सदरा घालून नातलगांकडे जाणे, बाजारात फिरणे, भजनाला किंवा तमाशाला बसणे, यासाठी लागणारा मोकळा वेळ या सुटीने दिला. पुढे कारखाना कायद्यातल्या सुधारणांनी कामाचा दिवस १९२२ मध्ये अकरा तासांवर आणि १९३४ च्या कायद्याने दहा तासांवर आणला, तेव्हा रविवारला संध्याकाळची जोड मिळाली. नेटकेपणाला पैशाइतकीच फुरसत लागते.

पैशाचा हिशेब पाहायचा तर १९२१-२२ मध्ये मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने केलेली कौटुंबिक खर्चाची पाहणी सर्वांत उपयोगी आहे. फिंडले शिर्रास यांच्या देखरेखीखाली झालेल्या या पाहणीत कामगार कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न सुमारे ५२ रुपये निघाले. त्यातले ५७ टक्के अन्नावर जात. घरभाड्याला पावणेआठ टक्के, सरपण आणि दिवाबत्तीला साडेसात टक्क्यांच्या आत. कपड्यांवर मात्र साडेनऊ टक्क्यांहून थोडे अधिक, म्हणजे महिन्याला पाच रुपये खर्च होत. डोक्यावरच्या छपरापेक्षा अंगावरच्या कपड्यावर जास्त खर्च! जवळपास सगळी कुटुंबे एकाच खोलीत राहत होती, हेही याच पाहणीत दिसले.

या आकड्यांवरून कामगाराला उधळ्या ठरवणारे लोक त्या काळात पुष्कळ होते. मजुरी वाढवली की ती दारूत आणि लग्नकार्यात जाते, हा मालकवर्गाचा ठरलेला युक्तिवाद होता. पण खोली आणि कपडा यांतली निवड कामगाराच्या बाजूने पाहिली तर ती अगदी शहाणपणाची दिसते. दुप्पट भाडे भरूनही मिळाली असती ती तशाच चाळीतली थोडी मोठी खोली. शिवाय खोली पाहणार कोण? कपडा मात्र गिरणीच्या फाटकावर, पतपेढीत, शाळेच्या मास्तरांसमोर, गावच्या वेशीवर, सोयरिकीच्या बैठकीत सतत बरोबर असे. माणसाची पत त्यावर ठरे. घर दाखवता येत नाही अशा माणसाने कपडा सांभाळणे, हा त्याच्याजवळच्या पैशाचा सर्वांत चांगला वापर होता.

त्यासाठी लागणारी रोकड मात्र वेळेवर हातात नसे. गिरणीचा पगार महिन्याने आणि तोही पुढच्या महिन्याचा बराच भाग उलटल्यावर होई. १९३६ च्या वेतन कायद्याने त्याला मुदत घातली. पगार हाती येईपर्यंतचा काळ उधारीवर निघे. सुमारे ४७ टक्के कामगार कुटुंबे कर्जात आहेत, असे १९२१-२२ च्या पाहणीत आढळले. रुपयाला महिना एक आणा हा व्याजाचा सर्रास चालणारा दर होता. वर्षाचे हे पंच्याहत्तर टक्के झाले. पठाण सावकार पगाराच्या दिवशी फाटकाबाहेर उभा राही. कापडासाठी वेगळी उधारी होती. मारवाडी दुकानदार किंवा चाळीत फिरणारा कापडवाला लुगडी-धोतरे हप्त्यावर देई आणि किंमत मुळातच वाढवून लावी. या फासातून सुटण्यासाठी चाळीचाळींत भिशी चाले. दर महिन्याला सर्वांनी ठरलेली रक्कम घालायची आणि ती आळीपाळीने एकेकाने उचलायची. पुढे गिरण्यांतल्या सहकारी पतपेढ्यांनी वाजवी व्याजाने कर्ज द्यायला सुरुवात केली. पठाणाच्या हातून बरीच घरे सुटली ती या पतपेढ्यांमुळे.

कापड मिळवण्याच्या वाटाही वेगवेगळ्या होत्या. मूळजी जेठा मार्केट आणि मंगळदास मार्केट ही घाऊक व्यापाराची ठिकाणे. तिथून निघालेले कापड परळ-लालबागच्या दुकानांत येई. त्याहून स्वस्त असे ते गिरणीतले तुकडे, म्हणजे फेंट. ताग्याच्या टोकाचे, रंग लागलेले, धागा तुटलेले किंवा मोजणीत कमी भरलेले तुकडे वजनावर किंवा नगावर विकले जात. हुशार गृहिणी अशा तुकड्यांतून डाग मागच्या बाजूला आणि सांधा काखेत जाईल असा सदरा बेतून घेई. कटपीसचा धंदा पुढे याच पायावर वाढला.

बिघडलेल्या कापडाची दुसरी बाजू मात्र कडवट आहे. विणकामात दोष राहिला की ते कापड विणकराच्याच गळ्यात मारायचे आणि त्याची किंमत पगारातून कापायची, अशी प्रथा अनेक गिरण्यांत होती. माणसाला गरज असो वा नसो, त्याला ते घ्यावे लागे आणि मग बाजारात पडत्या भावाने विकावे लागे. दोष सुताचा आहे की विणकराचा, हे ठरवणारा गिरणीचाच माणूस. एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ असे सहा महिने चाललेल्या सार्वत्रिक संपात ही प्रथा बंद करण्याची मागणी होती. स्वस्त कापड हवे असणे आणि ते लादले जाणे यांतला फरक कामगारांना पक्का ठाऊक होता.

पगाराची आणि पोशाखाची ही कहाणी सर्वांसाठी सारखी नव्हती. विणखात्यात सर्वांत चांगली मजुरी मिळे, पण तिथे अस्पृश्य मानलेल्या कामगारांना घेत नसत. धोट्यातली कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि त्यांच्या तोंडचा धागा सवर्ण विणकर आपल्या तोंडाला लावायला तयार नसत. त्यामुळे हे कामगार कमी मजुरीच्या कताई खात्यात अडकून पडले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न मांडला. ते स्वतः परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांत बरीच वर्षे राहिले होते. एका खोलीत घर आणि एका खोलीत अभ्यास, असा तो संसार होता.

गावात तर कपड्यावर उघड बंधने होती. अस्पृश्य स्त्रीने लुगड्याचा काठ दिसू द्यायचा नाही, तो निऱ्यांच्या आत दडवायचा. दागिने चांदीसोन्याचे नाही, कथलाचे आणि पितळेचे घालायचे. लुगडे गुडघ्यापर्यंत आखूड नेसायचे. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ या आत्मकथनात या जाचाचे तपशील आले आहेत. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेनंतर आंबेडकरांनी स्त्रियांच्या सभेत या गोष्टी टाकून द्यायला सांगितल्या. लुगडे सवर्ण बायकांसारखे नेसा, जातीची खूण सांगणारे दागिने सोडा, कपडा फाटका असला तरी स्वच्छ ठेवा, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. त्या सभेनंतर स्त्रियांनी लगेच नेसण्याची पद्धत बदलली. याला खर्च काही आला नाही. जे लुगडे होते तेच वेगळे नेसायचे होते. तरीही ते करायला केवढे धैर्य लागले असेल! परीटघडीचा सदरा आणि पॉलिश केलेले बूट यांना पुढे दलित वस्त्यांत जे मोल आले, ते या इतिहासाशिवाय समजत नाही. सूट-बूट-टाय घातलेली आंबेडकरांची तसबीर घराघरांत लागली ती याच अर्थाने.

शहर या बाबतीत गावापेक्षा मोकळे होते. ट्रॅममध्ये किंवा बाजारात कोणी कोणाची जात विचारत नसे असे नव्हे, पण काठ कुठे आहे हे तपासणारा पाटील तिथे नव्हता.

पुरुषाच्या डोक्यावरचा बदल खर्चाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा ठरला. फेट्याला कित्येक वार कापड लागते आणि बांधलेली पगडी जपावी लागते. त्यांच्या जागी आधी गोल काळी टोपी आणि १९२० नंतर गांधीटोपी आली. टोपीला हातभर कापड पुरते, ती घरी धुता येते आणि रोज पांढरीशुभ्र घालता येते. ३१ जुलै १९२१ रोजी परळमध्ये एल्फिन्स्टन गिरणीच्या आवारात गांधीजींनी परदेशी कापडाची होळी केली, ती गिरणगावाच्या मधोमध. खादी मात्र कामगाराच्या अंगावर फारशी आली नाही, कारण ती गिरणीच्या कापडापेक्षा महाग पडे. राष्ट्रीय चळवळीतून कामगाराने टोपी उचलली आणि धोतर-सदरा गिरणीच्याच कापडाचा ठेवला.

हे कपडे नेटके ठेवण्याचे काम बहुतांशी घरातल्या बाईचे होते, आणि ते किती होते हे कोणत्याही पाहणीच्या तक्त्यात दिसत नाही. बीडीडी चाळींची खोली १६० चौरस फुटांची. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे अशा २०७ इमारती उभ्या राहिल्या. नळाला पाणी ठरावीक वेळी आणि मोरी बहुतेक ठिकाणी सामाईक. त्यात बाई स्वतः गिरणीत कामाला असली, तर रिळाच्या किंवा कांडीच्या खात्यातली पाळी संपवून आल्यावर धुणे सुरू होई. सोड्याच्या पाण्यात भिजवणे, साबण लावून दगडावर आपटणे, पांढऱ्या कपड्याला नीळ देणे आणि तांदळाच्या पेजेची खळ करणे, हा क्रम ठरलेला. नीळ कमी पडली तर कपडा पिवळट दिसे आणि जास्त झाली तर डाग पडत. हाताला त्याचा अंदाज असावा लागे. कपडे धुण्याचा वडीचा साबण ही आधी मुख्यतः परदेशी वस्तू होती. लिव्हर कंपनीने १९३४ मध्ये शिवडीला कारखाना काढला आणि तो साबण गिरणगावाच्या वेशीवरच तयार होऊ लागला.

इस्त्री बहुतेकांच्या घरी नव्हती. तांब्यात निखारे घालून त्याचा तळ कपड्यावरून फिरवणे हा एक उपाय. दुसरा त्याहून सोपा: किंचित दमट कपड्याची सारखी घडी घालून ती गादीखाली किंवा वळकटीखाली दाबून ठेवायची. सकाळपर्यंत घडी बसे. कोट, रेशमी लुगडे आणि लग्नाचे कपडे मात्र परटाकडे जात. महालक्ष्मीचा धोबीघाट १८९० च्या सुमाराचा. तिथे दगडी हौदांच्या रांगांमध्ये शहराचे कपडे धुतले जात. गरीब घरातही वर्षातून काही वेळा परीटघडीचा कपडा अंगावर चढे, आणि ती घडी मोडू नये म्हणून माणूस दिवसभर जपून बसे.

नऊवारी लुगड्याचे आयुष्य तर स्वतंत्र सांगण्यासारखे आहे. मालेगाव, सोलापूर, इलकल, नागपूर या ठिकाणची लुगडी मुंबईत येत. लुगडे विरते ते मध्यभागी, बसण्या-उठण्याचा ताण जिथे पडतो तिथे. दोन्ही टोके बरीच धड राहतात. म्हणून विरलेला मधला भाग कापून काढायचा आणि धड टोके जोडायची. याला दंड घालणे म्हणत. दंड घातलेले लुगडे घरात नेसायला आणखी वर्ष-दोन वर्षे चाले. त्यानंतर त्यातून लहान मुलीचे परकर निघत, बाळाची दुपटी आणि लंगोट निघत. मऊ पडलेले सुती कापड बाळाला नव्यापेक्षा चांगले, हे प्रत्येक आजी सांगे. उरलेल्या पट्ट्यांची थरावर थर घालून गोधडी शिवायची. पाण्याच्या हंड्याखालची चुंबळ, भांडे उतरवायचे फडके आणि सगळ्यांत शेवटी जमिनीचे पोतेरे. एका लुगड्याचे शेवटचे सूत झिजेपर्यंत घरात दहा-पंधरा वर्षे निघत.

पुरुषांच्या कपड्यांना असेच उपाय होते. सदऱ्याची कॉलर घासून फाटली की शिंपी ती उसवून उलटी लावून देई आणि आतली कोरी बाजू वर येई. कोटाला कोपरावर ठिगळ, जळलेल्या जागी रफूगराचे काम. मुलांचे कपडे नेहमी वाढत्या अंगाचे. बाही आणि लांबी वाढीव ठेवून आत दुमडून टीप मारायची आणि दर वर्षी एक एक दुमड सोडायची. थोरल्याचा सदरा धाकट्याला जाणे तर ठरलेलेच. सणाला एकाच ताग्यातून सगळ्या भावंडांचे कपडे बेतले की कापड वाया जात नसे आणि शिंपी शिलाईतही सूट देई. त्यामुळे चाळीच्या गॅलरीत उभी असलेली पोरे कोणाची, हे कपड्यावरूनच कळे. ज्याला यातले काहीच लागू पडत नसे तो कपडा बोहारणीकडे जाई. डोक्यावर भांड्यांची टोपली घेऊन ती दुपारी, पुरुषमाणसे नसताना, चाळीत येई. जुन्या कोटाच्या बदल्यात स्टीलचा डबा मिळवताना होणारी घासाघीस तासभरही चाले. तिच्याकडून हे कपडे जुन्या बाजारात जात आणि दुरुस्त होऊन त्याहून गरीब गिऱ्हाइकाच्या अंगावर पोचत.

एकट्या राहणाऱ्या कामगारांची रीत थोडी वेगळी होती. कोकणातल्या एकेका गावाच्या नावाने मुंबईत खोल्या असत. तिथे पंधरा-वीस गडी पाळीपाळीने झोपत आणि खानावळीत जेवत. प्रत्येकाच्या वाट्याला भिंतीवरची एक खुंटी आणि फळीवरची एक पत्र्याची ट्रंक. या ट्रंकेत चांगला जोड, गावी न्यायच्या वस्तू आणि चिठ्ठ्या-चपाट्या. त्यांचे खाणे सांभाळणाऱ्या खानावळवाल्या बायकांच्या कष्टावर त्यांची बचत उभी होती. या बायकांना सावकारांच्या कर्जातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. खोलीतला कोट कधी कधी सामाईकच असे. मुलगी पाहायला जाणारा किंवा फोटो काढायला जाणारा तो घालून जाई.

कपड्यांचे वर्ष दोन ठिकाणी कळसाला पोचे. एक दिवाळी. पहिल्या महायुद्धानंतर गिरण्या बोनस देऊ लागल्या. तो बंद केल्यावर १९२४ च्या जानेवारीत मोठा संप झाला. कामगाराच्या हिशेबात बोनस हा वर्षभराचे कापड, उधारी फेडणे आणि मुलांचे फराळ-फटाके यांसाठीच धरलेला असे. तो मालकाच्या मर्जीचा विषय मानायला कामगार तयार नव्हता. दुसरा प्रसंग गावी जाण्याचा, शिमग्याला किंवा गणपतीला. बोटीतून किंवा एसटीतून उतरणारा चाकरमानी हा त्याच्या गावापुरता मुंबईचा प्रतिनिधीच होता. कडक इस्त्रीचा लेंगा, पांढरा सदरा, हातात घड्याळ, आईसाठी लुगडे, बहिणीसाठी खण. महिनाभर त्याने दोनदा जेवण्याऐवजी एकदाच जेवून काढले असले तरी ते गावात दिसायचे नाही. या दिखाव्याला नावे ठेवणे सोपे आहे. पण गावाकडची जमीन सांभाळणाऱ्या आईबापांना आपला पोर शहरात हरवलेला नाही, हे पाहायला मिळणे गरजेचे होते. सोयरिकी जुळत त्या यावर, आणि पुढच्या वर्षी गावातला आणखी एक मुलगा मुंबईला येई तोही यावरच.

दुसऱ्या महायुद्धाने ही घडी विस्कटली. कापडाच्या किमती अनेक पटींनी वाढल्या, काळाबाजार माजला. १९४३ मध्ये सरकारने कापड आणि सुतावर नियंत्रण आणले, ताग्यावर किंमत छापणे सक्तीचे केले आणि स्वस्तातले ठरावीक जाडेभरडे कापड बाजारात आणले. नऊवारीकडून पाचवारीकडे जाण्याचा कल शिकलेल्या मुलींमध्ये आधीच होता. टंचाईच्या दिवसांत त्याला काटकसरीचेही कारण मिळाले. स्वातंत्र्यानंतरही १९६० च्या दशकापासून नियंत्रित दराचे कापड रेशनच्या आणि सहकारी दुकानांतून मिळत राहिले. लोक त्याला कंट्रोलचे कापड म्हणत आणि शक्यतो बाहेर घालत नसत, कारण किंमत ज्याच्यावर छापली आहे ते कापड लांबूनही ओळखू येई.

खरा पालट केला तो पॉलिएस्टरने. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून हा धागा देशात तयार होऊ लागला आणि टेरिलीन, टेरिकॉट हे शब्द चाळीत रुळले. सुरुवातीला टेरिलीनचा शर्ट सुती शर्टापेक्षा बराच महाग होता. तरीही कामगाराने तो घेतला, आणि हिशेब करूनच घेतला. तो रात्री धुतला की सकाळी वाळे, चुरगळत नसे, खळ-इस्त्री लागत नसे आणि वर्षानुवर्षे फाटत नसे. दोन शर्टांत आठवडा निघे. नायलॉनच्या साडीनेही तेच केले. घामाघूम हवेत हे कपडे अंगाला चिकटत, उकडत, पण वेळ आणि कष्ट वाचत, विशेषतः बायकांचे. १९६९ मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी सुरू केलेली निरमा पावडर पुढे घरोघर पोचली. नामांकित पावडरींच्या तुलनेत ती कितीतरी स्वस्त होती, आणि सोडा-नीळ-खळ हा जुना क्रम तिने मोडून काढला. याच सुमारास पडद्यावरच्या फॅशनी लालबाग-परळच्या शिंप्यांकडे लवकर पोचू लागल्या. राजेश खन्नाचा गुरुशर्ट किंवा बेलबॉटम पाहिजे असे, तर चित्रपट पाहून आलेला तरुण शिंप्याला हातवारे करून सांगे आणि शिंपी तो कटपीसमध्ये बसवून देई. बदली कामगाराला रोज सकाळी फाटकावर जाऊन काम मिळते का, ते पाहावे लागे. त्याच्याही अंगावर रविवारी बेलबॉटम दिसे.

या पॉलिएस्टरने गिरण्यांच्या सुती कापडाचा बाजार खाल्ला, आणि भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांनी उरलेला. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संप औपचारिकपणे कधी मागे घेतला गेला नाही, पण बहुतेकांच्या नोकऱ्या गेल्या आणि गिरण्या एकेक करून बंद पडल्या. संपाच्या पहिल्या दिवाळीला बोनस नव्हता. आधी भिशी मोडली, मग दागिने गेले, मग भांडी. अनेक कुटुंबे गावी परतली. राहिलेल्या घरांत बायकांनी शिवणयंत्रावर पीसवर्क घेतले, पोळ्या लाटून दिल्या, घरकामे धरली. मुलांच्या शाळेचा गणवेश मात्र इस्त्रीचाच जावा म्हणून त्या जागत राहिल्या. त्या पिढीतल्या कित्येकांच्या आठवणींत हा गणवेश आहे.

१९९० नंतर तयार कपडे एवढे स्वस्त झाले की शिवून घेण्यापेक्षा विकत घेणे परवडू लागले. आझाद मैदानाजवळच्या फॅशन स्ट्रीटवर निर्यातीतून उरलेले शर्ट-पँट ढिगाने विकले जाऊ लागले, हिंदमाताच्या दुकानांत साड्या आणि ड्रेस मटेरियल किरकोळीने मिळू लागले. कपड्यावरचा खर्च उत्पन्नाच्या मानाने घटला, आणि त्याबरोबर कापड टिकवण्याच्या कौशल्यांची गरजही. दंड घालणे आणि कॉलर उलटवणे थांबले. पॉलिएस्टरच्या साडीची गोधडी ऊब देत नाही, म्हणून गोधडी घरातून निघून बचत गटांच्या विक्रीत गेली. चाळींच्या पायथ्याशी बसणाऱ्या शिंप्यांपैकी जे टिकले ते आता मुख्यतः तयार कपड्यांची उंची कमी करणे, चेन बदलणे आणि ब्लाउज शिवणे ही कामे करतात. रफूगर मोजके उरले आहेत, आणि त्यांच्याकडे येते ती जुनी पैठणी किंवा शालू.